घोरपडीचं हृदय

पत्रावर तारीख पाच होती. सोमनाथ निगळने चष्मा कपाळावर सारून पाहिलं, पुन्हा नाकावर ओढून पाहिलं. पाचाचं काही सहा-सात होईना. ऑफिसच्या खिडकीतून वाल्मीक क्लार्क म्हणाला, "निगळमामा, ही तुमची कॉपी. तीन वाजता वनखात्याच्या मॅडम येणारेत. खुलाशावर सही करायला हजर राहा म्हणाले दरेकर सर." एवढं सांगून तो परत आपल्या स्क्रीनकडे वळला. पत्र लहानसंच होतं. प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. हर्षल दरेकर यांनी प्राचार्यांना कळवलं होतं की, विभागाच्या संग्रहातला घोरपडीच्या हृदयाचा नमुना प्रयोगशाळा सहायक श्री. सो. दे. निगळ यांनी विभागाला न विचारता, स्वतःहून आणून ठेवलेला आहे. बरणीवरच्या चिठ्ठीचा फोटो सोबत जोडला आहे. यातलं सोमनाथला नवीन असं काही नव्हतं. घोरपड कायद्याने राखलेला प्राणी. मारणं सोडाच, मेलेली जवळ बाळगली तरी गुन्हा. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात कुणीतरी बरणीचा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला, तक्रार झाली, आणि दोन दिवसांत कपाटाला सील लागलं, हे कॉलेजच्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सही केली तर गुन्हा सोमनाथच्या नावावर, नाही केली तर तो हर्षलच्या नावावर जाणार, हेही त्याला ठाऊक होतं. या सगळ्याचा विचार त्याने केला होता. त्याला हलवलं ते त्या पाचाने. कारण हर्षल त्याच्या घरी आला तो आठ तारखेला.

आठ तारखेला संध्याकाळी हर्षल सातपूरला आला, गाडी लांब कंपनीच्या भिंतीपाशी लावून गल्लीतून चालत आला, आणि सोमनाथच्या बायकोने, उज्वलाने, चुलत सासूकडून आणलेल्या हुलग्याचे शेंगोळे केले होते ते दोनदा मागून घेऊन जेवला. "काकू, तुमच्या हाताला जी चव आहे ना, ती आमच्या अख्ख्या विंचुरात नाही," असं तो गेली एकोणीस वर्षं म्हणत आला होता आणि उज्वला गेली एकोणीस वर्षं त्याला "चल, खोटारडा" म्हणत आली होती. मग ती भांडी घेऊन मोरीकडे गेली, आणि फाटकाशी बूट घालता घालता, खाली वाकलेला असतानाच हर्षल म्हणाला, "काका, एक सही लागेल. तुम्ही मेअखेर रिटायर होताय, तुमचं काय ते फारतर समज देऊन सोडतील. माझी अजून वीस वर्षं नोकरी आहे. पण तुमच्यावर जबरदस्ती नाही हां. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरं काहीतरी बघतो." तुम्ही नाही म्हणालात तर. हे आठ तारखेला. आणि सोमनाथने खुळ्यासारखा त्यावर तीन दिवस, तीन रात्री विचार केला होता. या कुशीवरून त्या कुशीवर होत, आपण नाही म्हणालो तर पोराचं कसं होईल, हो म्हणालो तर उज्वलाला काय सांगायचं, याची जुळवाजुळव केली होती. आणखी लाजेची गोष्ट म्हणजे, आत कुठेतरी त्याला बरं वाटलं होतं. इतका मोठा झालेला माणूस आपल्या दारात वाकून उभा आहे, त्याला आपल्यावाचून चालत नाही, याचं बरं वाटलं होतं. आणि त्या वेळी कागद जाऊन तीन दिवस झाले होते. दोष अंगावर ढकलला असता तरी सोमनाथने एकवेळ गिळलं असतं. नोकरी म्हटली की वरचा खालच्यावर ढकलतो, खालचा भिंतीवर. पण विचारायला कशाला आला? ढकलून झाल्यावर विचारायला आला, वर शेंगोळे खाल्ले.

तो जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आला. संग्रहाची खोली लांबोडकी, उत्तरेकडच्या उजेडाची. दोन्ही भिंतींना काचेची कपाटं आणि कपाटांतून बरण्या: बेडूक, जळवा, सापसुरळ्या, आणि एक दोन डोकी असलेलं कोंबडीचं पिल्लू, जे पाहायला दरवर्षी नवीन पोरं झुंबड करतात आणि नंतर तीन वर्षं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पूर्वी पेठकडचा फकिरा महिन्याला पिशवीभर सरडे आणून द्यायचा आणि सोमनाथ ते टेबलांवर मांडायचा. मग चिरफाडीवर बंदी आली, फकिरा यायचा थांबला, आणि हृदय आता पोरं पडद्यावर बघतात. निळं-तांबडं, गुळगुळीत, बोट लावलं की गोल फिरणारं. सोमनाथ खुर्ची ओढून सील लावलेल्या कपाटासमोर बसला. काचेआड, वरून दुसऱ्या फळीवर, ती बरणी होती. बरणीत पांढऱ्या पट्टीला दोऱ्याने बांधलेलं, लिंबाएवढंसुद्धा नाही असं हृदय, त्याच्यातून वर निघालेले तांबडे-निळे फाटे, आणि खाली चिठ्ठी. बारावी नापास माणसाने केलेलं काम होतं ते. पुण्याहून आलेला एक परीक्षक या बरणीसमोर पाच मिनिटं उभा राहिला होता आणि कोणी केलं म्हणून विचारलं होतं. तेव्हाच्या प्रमुखांनी सोमनाथकडे बोट दाखवलं तर परीक्षक म्हणाला, "नाही नाही, केलं कोणी?"

हर्षल पहिल्यांदा या खोलीत आला तेव्हा त्याचे हात कापायचे. विंचूरच्या दरेकरांचा पोरगा, कांद्याच्या वासाची बॅग, शहरातल्या पोरींसमोर बोलताना नजर जमिनीला. सरड्याच्या पोटाला कात्री लावायची वेळ आली की हा बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचा. सोमनाथने एकदा त्याला सगळे गेल्यावर थांबवून घेतलं, मागून त्याचं मनगट धरलं आणि सांगितलं, "कात्रीचं टोक वर ठेव. खाली घातलीस की हृदय गेलं. कातडं उचल, मग काप. आपल्याला प्राणी मारायचा नाही, तो मेलेलाच आहे. आपल्याला तो उघडायचाय." मागून कुणी मनगट धरलं की हात कापत नाही, हे सोमनाथला त्याच्या आधीच्या सहायकाने शिकवलं होतं. तिसऱ्या वर्षाला हर्षल एका सोमवारी सकाळी एसटीतून मांडीवर गोणपाट घेऊन आला. विंचूर चौफुलीच्या अलीकडे कांद्याच्या पिकअपखाली आलेली घोरपड. शेपटीकडचा भाग चिरडलेला, पण छाती शाबूत. "काका, हिचं काळीज बघू या का?" सोमनाथ म्हणाला, "काळीज खाटकाकडे मिळतं. हृदय म्हण." आणि दोघांनी दार लोटून घेतलं. सरड्याचं हृदय पुढच्या पायांच्या मध्ये असतं, म्हणून सोमनाथने सवयीने तिथेच उघडलं. तिथे हृदय नव्हतंच. नुसतीच फुप्फुसाची पुढची टोकं, अन्ननलिका, श्वासनळी. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. हर्षल हसून म्हणाला, "काका, बिनहृदयाची निघाली ही!" मग बोटाने चाचपत सोमनाथ खाली खाली गेला, चांगला चार बोटं खाली, तेव्हा पिशवीत झाकलेलं ते लागलं. घोरपडीचं मागे सरकलेलं असतं. हे कुठल्या पुस्तकात असेलही. त्याला ते बोटांनी कळलं, आणि हर्षलला त्याच्या बोटांनी. पुढे हर्षलच्या पीएचडीत याच्यावर अख्खं प्रकरण होतं. सोमनाथने ते इंग्रजी वाचलं नाही, पण आकृत्या पाहिल्या. त्या त्याला ओळखता आल्या.

रंग भरायचं काम सोमनाथने दुसऱ्या दिवशी केलं. वरचे दोन कप्पे तर साफ वेगळे, मध्ये सलग पडदा. उजव्यात अंगभर फिरून आलेलं, मळलेलं रक्त उतरतं; डाव्यात फुप्फुसांतून आलेलं, चोख. खाली मात्र एकच कप्पा. त्यात पडदा आहे, पण पुरता नाही. बांधकाम करणाऱ्याने अर्धी भिंत उचलली आणि विटा संपल्या म्हणून सोडून दिली, असा. आणि त्या एका कप्प्यातून तीन नळ निघतात: एक फुप्फुसांकडे, आणि दोन कमानी, उजवी अन् डावी, गळ्याशी वळसा घेऊन पाठीला जाऊन एक होतात, त्या अंगाकडे. सोमनाथने उजव्या कप्प्यातून निळा रंग सोडला, डाव्यातून तांबडा. पिठाच्या खळीत कालवलेला, सुईतून, श्वास धरून. नळ छान भरले. पण खालच्या कप्प्यात, अर्ध्या भिंतीच्या कडेला, दोन्ही रंग एकमेकांत शिरले आणि नखाएवढा जांभळा डाग पडला. हर्षल म्हणाला, "गेलं, काका." सोमनाथ म्हणाला, "गेलं नाही. असंच दिसणार. पुस्तकात मिश्र रक्त लिहिलंय ना, ते हे असं बघूनच लिहिलं असणार. पण मी जिवंत सरडा बघितलाय, गुंगीतला, उघडलेला. त्याच एका कप्प्यातून एका नळात काळपट जातं नि शेजारच्या कमानीत लालभडक. मिसळत नाही. भिंत अर्धीच आहे, पण धडकेसरशी एक कड वर येते नि ज्याचं त्याला वाटेला लावते. मिसळतं ते मेल्यावर." पोराने हे वहीत लिहून घेतलं होतं. वर्गात सोमनाथला काही बोलायची मुभा नव्हती, त्यामुळे त्याचं बोलणं वहीत लिहून घेणारा हर्षल हा पहिला. आणि शेवटचा.

मग चिठ्ठी. विभागाची जुनी पद्धत अशी की बरणीवर नाव लागतं ते प्राणी आणणाऱ्याचं. चिरणाऱ्याचं, रंगवणाऱ्याचं कुणी लिहीत नाही. सोमनाथने टाक घेतला, शाई घेतली, आणि 'आणणार' असं लिहून पुढे 'ह' काढणार तेवढ्यात हर्षल म्हणाला, "नको काका, तुमचं टाका. मी नुसता उचलून आणली. सगळं तुम्हीच केलंय." सोमनाथचा हात थांबला. त्याचं नाव या इमारतीत कुठेच नव्हतं. पाट्यांवर नव्हतं, अहवालात नव्हतं, पुढे परीक्षकाला तर ते दाखवूनही दिसणार नव्हतं. त्याने लिहिलं: सो. दे. निगळ. संध्याकाळी घरी जाऊन त्याने उज्वलाला सांगितलं की पोरगा मनाचा मोठा आहे. उज्वला म्हणाली, मग जेवायला आणा की एकदा, मेसचं काय खातं ते. आणि हर्षल रविवारी जेवायला यायला लागला तो तेव्हापासून.

सोमनाथ उठला. खोलीत फॉर्मलिनचा वास असणार, पण तीस वर्षांत त्याचं नाक त्या वासाने मारून टाकलं होतं. बारा वाजले होते. डबा खावासा वाटेना. तो गेटच्या बाहेर आला, समोर शहर बस उभी होती तिच्यात बसला आणि बसल्यावर पाटी वाचली. पंचवटी. बरं, पंचवटी तर पंचवटी. कारंज्यावर उतरून तो भाजीबाजारातून चालत राहिला. मेथीच्या, कोथिंबिरीच्या जुड्यांवर बायका पाणी मारत होत्या आणि ते उडून त्याच्या पायजम्यावर येत होतं. हिरवागार ढीग समोर असून त्याला कोथिंबिरीचा वास येत नाही, याचं त्याला आज पहिल्यांदा वाईट वाटलं. आपल्याला फसवलं, असं तो मनात म्हणाला. नीट पूर्ण वाक्य म्हणून पाहिलं: हर्षलने मला फसवलं. ते म्हणताना, भर गर्दीत, रिक्षाच्या भोंग्याखाली, त्याचे डोळे भरले. एका भाजीवालीने त्याच्याकडे पाहिलं आणि बिचाऱ्याला मिरचीची धांस लागली असेल म्हणून ती मिरच्यांच्या ढिगावर गोणपाट झाकायला लागली. आणि तिथेच, त्या गोणपाटावरून असेल किंवा कशावरूनही असेल, त्याला ती गोष्ट आठवली जी त्याने बोलावली नव्हती.

सातपूरच्या घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून हर्षल पाठांतर करतोय. वन्यजीवांचा पेपर होता त्याला. हातात पुस्तक सोमनाथच्या, आणि हर्षल डोळे मिटून घडाघडा म्हणतोय: पहिली अनुसूची, वाघ, बिबट्या, काळवीट, माळढोक, अजगर, घोरपड. उज्वला पोळी उलटता उलटता म्हणाली होती, "घोरपड कशाला रे यात? आमच्या माहेरी तर धरून खायचे." आणि हर्षल डोळे न उघडता म्हणाला होता, "आता खाल्ली तर तुरुंगात जाल, काकू. नुसती जवळ ठेवली तरी." तिघं हसले होते. हे खरंच झालं होतं. पोळीचा भाजका डाग, पुस्तकाची फाटकी पाठ, सगळं सोमनाथला दिसत होतं. प्रश्न एवढाच होता की हे कधी झालं. चिठ्ठी लिहिली त्याच्या आधी की नंतर? आधी झालं असेल तर "तुमचं नाव टाका" म्हणणाऱ्या पोराला कायदा पाठ होता. नंतर झालं असेल तर ते मनापासून होतं, आणि बाकी सगळी पुढची घाण. तो रामकुंडाच्या बाजूला पायऱ्यांवर बसून हिशेब लावायला लागला. उज्वलाने अंगावर शाल घेतली होती का? पण ती तर जुलैतही घेते. हर्षल जेवायला यायला लागला तो चिठ्ठीनंतर, हे नक्की. मग पाठांतर नंतरचंच. हायसं वाटलं. पण एकदा, कदाचित त्याच्याही आधी, उज्वला पडली होती आणि हर्षल पाठ्यपुस्तकं घेऊन घर सांभाळायला आला होता, तो पाय मोडल्याचा पावसाळा कुठला? तेव्हा ती पोळ्या कशा करत असेल? पण शेगडी खाली मांडून बसून करायचीच की. सोमनाथने डोकं हातांत धरलं. समोर तरणी पोरं पाण्यात उड्या मारत होती आणि कुणीतरी त्यांच्या नावाने ओरडत होतं. एकोणीस वर्षं एकाच कप्प्यातून येणंजाणं झालं, त्यात काय चोख होतं आणि काय मळलेलं, हे आता उघडून पाहिलं तर नुसतं जांभळं दिसत होतं. आणि हे आपल्याला कधीच कळणार नाही, हर्षलला विचारलं तरी तो जे सांगेल त्यावर आपला विश्वास बसणार नाही, याची त्याला भीती वाटली. पत्रातल्या पाचाने पुढचं जेवढं बिघडवलं नव्हतं तेवढं मागचं नासवलं होतं.

तीनला पाच कमी असताना तो विभागात परत आला. प्रमुखांच्या खोलीत पंखा चालू होता. वनखात्याच्या मॅडम, पूजा गांगुर्डे, तिशीच्या आतबाहेरच्या, खाकी कपड्यातल्या, वही उघडून बसल्या होत्या. हर्षल खुर्चीतून अर्धा उठला आणि म्हणाला, "या. मॅडम, हे आमचे सोमनाथ. लॅब असिस्टंट." सोमनाथ तिथेच किंचित थांबला. काका हा शब्द त्या तोंडून न येणं हे त्याने एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. अर्थात चारचौघांत तोही हर्षलला सर म्हणायचा. प्रमुख झाला त्या दिवसापासून, कुणी न सांगता. पण ते त्याने मान म्हणून सुरू केलं होतं.

"बसा ना," पूजा गांगुर्डे म्हणाल्या. "घाबरू नका. हा खुलासा सरांनी तयार केलाय. वाचा, पटला तर सही करा. पटला तरच."

"वाचलंय त्यांनी, म्हणजे कल्पना आहे त्यांना," हर्षल म्हणाला.

"मी वाचतो," सोमनाथ म्हणाला. त्याने चष्मा नाकावर ओढला. बाहेर बसमध्ये, पायऱ्यांवर, त्याने काही ठरवलं नव्हतं. सही करायची नाही असंही नाही, करायची असंही नाही. त्याच्या अंगात एवढा थकवा होता की जे पुढ्यात येईल ते होऊन जाईल असं त्याला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर खिशातल्या पेनाकडे त्याचा हात गेलाही होता. कागद टाइप केलेला होता, मराठी फार शुद्ध. मी, सोमनाथ देवराम निगळ, वय वर्षे अठ्ठावन्न, याद्वारे लिहून देतो की, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयातील चार कप्प्यांची रचना व त्यातील रक्ताभिसरण विद्यार्थ्यांना समजावे या हेतूने मी स्वतः सदर मृत घोरपड.

"हे चूक आहे," सोमनाथ म्हणाला.

पंख्याखाली वहीची पानं हलली. हर्षलचा चेहरा सोमनाथने पाहिला. तोंड तसंच हसरं राहिलं, पण वरचं रक्त उतरलं. ओठांच्या कडा मातकट झाल्या. त्याला भीती वाटलेली सोमनाथला ओळखू आली. पाणी प्यायला बाहेर जायचा तेव्हा असाच दिसायचा.

"काय चूक आहे?" पूजा गांगुर्डेंनी विचारलं.

"कप्पे चार लिहिलेत. घोरपडीला तीन असतात. वर दोन, खाली एक. खाली भिंत आहे, पण अर्धी. सरपटणाऱ्यांत चार फक्त मगरीला."

हर्षल हसला. मोठ्याने, मोकळा, खुर्चीला पाठ टेकून. कितीतरी दिवसांनी तो असा हसला असावा. "अहो काका, तेवढंच ना! मी घाबरलोच. मोबाईलकडून लिहून घेतलं हो, वेळ कुठे होता. मी वाचलंसुद्धा नाही. करून टाका तीन, त्यात काय." आणि त्याने आपलं पेन टोपण काढून पुढे केलं. सोमनाथने ते घेतलं. 'चार'वर एक सरळ रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'तीन' लिहिलं. तोवर हर्षल दाराकडे वळून कुणाला तरी चहा सांगत होता: तीन कप, एक बिनसाखरेचा. बिनसाखरेचा सोमनाथसाठी. हे त्याच्या लक्षात होतं.

वाचलंसुद्धा नाही. सोमनाथ कागदाकडे पाहत राहिला. ज्या कागदाने आपण गुन्हेगार होणार होतो, तीन दिवस ज्याच्यापायी डोळ्याला डोळा लागला नाही, तो कागद हर्षलने स्वतः लिहिलाही नव्हता आणि वाचलाही नव्हता. ज्याच्यावर याची पीएचडी, त्या हृदयाचे कप्पे चुकले होते आणि याला पत्ता नव्हता. मनात वाईट धरून, विचार करून, घाम गाळून याने आपला काटा काढला असता तरी त्यात आपली काही किंमत झाली असती. राग इतका आला की त्याचा आवाज उलट शांत झाला.

"अजून एक चूक आहे," तो म्हणाला. "घोरपड मी आणली नाही. ती हर्षल, तू आणलीस."

प्रमुखांच्या खोलीत प्रमुखाला 'तू' म्हटलेलं बाहेर बाकावर बसलेल्या दोन मुलींनाही ऐकू गेलं. त्या आत डोकावल्या.

"विंचूर चौफुलीवरून," सोमनाथ म्हणाला. "एसटीने. गोणपाटात. चिरली मी, रंगवली मी, ठेवली आम्ही दोघांनी. माझा जो गुन्हा असेल तो लिहा, मॅडम. पण आणली याने."

हर्षलने एक क्षण डोळे मिटले. मग तो पूजा गांगुर्डेंकडे वळला आणि अगदी हळू, काळजीच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मी हे बोलणार नव्हतो. काकांचं हल्ली जरा... विसरतात. आम्ही सगळे सांभाळून घेतो. माझ्या वडिलांसारखे आहेत."

आता काका आलं तोंडात. सोमनाथच्या छातीत डाव्या बाजूला खरंच दुखलं, आणि त्याने तिथे हात नेला नाही. विसरतात. सकाळपासून आठवून आठवून त्याचं डोकं फुटायची वेळ आली होती.

पूजा गांगुर्डेंनी दोघांकडे पाहिलं. "निगळ, तुमच्याकडे काही पुरावा आहे?"

"नाही. चिठ्ठीवर माझंच नाव आहे. मीच लिहिलंय."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही म्हणालात पटला तरच."

त्यांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला, दुरुस्तीवर बोट ठेवून थोडा वेळ पाहिला आणि वहीत घातला. "दोघांचे जबाब वेगवेगळे घेईन मी. उद्या अकराला ऑफिसला या. सर, तुम्हीसुद्धा." चहा आला होता. त्यांनी तो घेतला नाही.

सोमनाथ व्हरांड्यात आला. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. त्याला वाटलं नाही. उद्या काय होईल हे दिसतच होतं. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला विसरभोळा म्हातारा, आणि चिठ्ठीवरचं अक्षर. त्याने जिन्याच्या कठड्याला धरलं तेव्हा मागून बुटांचा आवाज आला. त्याला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडावं असं त्याला वाटत होतं. हर्षल जवळ येऊन उभा राहिला. बाकावरच्या मुली ऐकतील म्हणून तो आणखी जवळ सरकला, आणि बोलला तो विभागप्रमुखाचा आवाज नव्हता.

"काका, काकूंना मात्र यातलं काही सांगू नका."

सोमनाथने त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे लाज होती. कायद्याची नाही, प्राचार्यांची नाही, आपलीही नाही. पण एका बाईने वाढलेल्या ताटाची होती. रामकुंडावर बसून तो जे शोधत होता ते हे इथे होतं, चोख, अजून वाहतं. आणि ते असूनही याने हे केलं होतं. ते नसतंच तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"सांगावं लागेल," तो म्हणाला. "नाहीतर रविवारी ती तुझं पान मांडून बसेल."